अर्धा सूर खाली

भर दुपारी तोकुरा ओसाकातल्या त्या तळघराच्या जिन्यापाशी येऊन उभा राहिला. मागोमाग मिझोगुची गिटार पाठीला लावून आला, आणि निवा ड्रमची पेटी उचलून, काठ्या बगलेत धरून. निवाचं टोफूचं दुकान होतं. आज ते त्यानं बायकोच्या गळ्यात घातलं होतं.

खाली मंचावर पोरींचा एक बँड आधीच तालीम करत होता. आवाजाची बटणं सांभाळणाऱ्या बाईनं मान वर करून तिघांकडं पाहिलं.

"नामारीवाले ना? तुमची तालीम शेवटी आहे. संध्याकाळी या."

"शेवटी कशी?" तोकुरा म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं.

अशा ठिकाणी तालीम उलटी चालते. जो बँड शेवटी वाजवणार, ज्याच्यासाठी खरं तर लोक येणार, त्याची तालीम पहिली. जो सुरुवातीला वाजवणार त्याची शेवटी, म्हणजे त्याचं सामान मांडलेलंच राहतं आणि दार उघडलं की लगेच सुरू करता येतं. नामारी म्हणजे शिसं. विशीत असताना हेवी मेटलला शोभेल असं वजनदार नाव म्हणून त्यांनी ते घेतलं, आणि त्यानंतर हयातभर पहिलीच तालीम केली. आज आपण सुरुवातीला वाजवणार हे तिघांनाही ठाऊक होतं, पोस्टरवर तसं छापलंही होतं. पण पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

"बसा आता अंडी उबवत," निवा म्हणाला.

मंचामागं एक अरुंद खोली होती. तिच्या भिंतींवर येऊन गेलेल्या बँडांच्या नावांचे स्टिकर एकावर एक डकवलेले होते. निवा खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागला. तोकुरानं डब्यातली मधात मुरवलेली मुळ्याची फोड तोंडात टाकली. बँडचा गाणारा तो, म्हणून गळ्यासाठी गेला हिवाळाभर हेच खात होता. रात्री कांद्याची पात फडक्यात गुंडाळून गळ्याला बांधत होता, आणि पहाटे नदीकाठी जाऊन श्वासाचे व्यायाम करत होता. तरीही 'बर्फातली भट्टी' हे त्यांचं गाणं आलं की शेवटच्या किंकाळीपाशी घशातून रक्त येईल असं वाटायचं. साठी उलटलेल्या माणसाची ती किंकाळी नव्हतीच.

आज तो एक वाक्य बोलायचं ठरवून आला होता. मिझोगुची, पट्टी अर्धा सूर खाली घेऊ या. त्यानं नाही म्हटलं, तर आजचं गाणं शेवटचं. पण वाक्य काही तोंडाबाहेर पडत नव्हतं, आणि त्यात दोष मिझोगुचीचा नव्हता. तिशीत असताना एका मासिकाच्या मुलाखतीत तोकुरा स्वतःच म्हणाला होता, "ज्याला पट्टी उतरवावी लागते, त्यानं गाणं सोडून भाजी विकावी." ते वाक्य त्या काळी फार गाजलं. लोक अजूनही अधूनमधून त्याला ते ऐकवायचे, कौतुकानं.

"मिझोगुची," तो म्हणाला.

"हं."

"काही नाही. मुळा खातोस?"

"तुझ्या तोंडचा? नको."

तेवढ्यात दार वाजलं. तालीम आटोपून पोरींच्या बँडमधली गिटारवाली आत आली आणि कमरेत पुरती वाकली. तिचं नाव आसाहिना. वय असेल तोकुराच्या धाकट्या मुलीएवढं.

"तोकुरासान, मिझोगुचीसान, त्रास देते. आम्ही शेवटी 'बर्फातली भट्टी' वाजवणार आहोत. तुम्हीही मंचावर यावं अशी फार इच्छा आहे. बाबांच्या कपाटात तुमची रेकॉर्ड सापडली, तेव्हापासून मी गिटार शिकतेय. परदेशातले लोकसुद्धा आता लिहितात, हा बँड आम्हाला इतके दिवस कसा कळला नाही म्हणून."

"आम्ही इथंच राहतो," निवा डोळे मिटूनच म्हणाला, "तरी शेजाऱ्यांना कळलेला नाही."

आसाहिना हसली, मग चाचरत म्हणाली, "फक्त एक विचारायचं होतं. आम्ही रेकॉर्डच्या पट्टीत बसवलंय. पण तुमच्या गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात ते एक पूर्ण सूर खाली वाटलं. तुम्ही म्हणाल तशा तारा लावते."

निवानं डोळे उघडले.

"एक सूर?" तोकुरा म्हणाला. "नाही, मी मूळ पट्टीतच..." आणि त्यानं मिझोगुचीकडं पाहिलं. मिझोगुची बुटाची नाडी बांधत होता. नाडी बांधलेलीच होती.

"जरा थांबशील का बाहेर?" निवा त्या पोरीला म्हणाला. ती पुन्हा वाकून, लाल होऊन बाहेर गेली.

"कधीपासून?" तोकुरानं विचारलं.

"तुला तो खोकला झाला होता ना, तेव्हा अर्धा," मिझोगुची नाडीकडं बघतच म्हणाला. "मग पुढच्या वर्षी आणखी अर्धा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर भाजीचं दुकान काढलं असतंस तू. तुला मी ओळखत नाही? आणि तुला भाजी तरी कळते का? मागं काकडी म्हणून दोडका आणला होतास."

"निवा, तुला ठाऊक होतं?"

"मी ड्रमवाला. मला सूर कुठला कळतोय," निवा म्हणाला. मग त्यानं पुस्ती जोडली, "अख्ख्या ओसाकाला ठाऊक होतं रे."

तोकुराला आधी राग आला, पण तो धरून ठेवायचंही त्राण नव्हतं. मागल्या वर्षी त्याला वाटलं होतं की गळा सुधारतोय. बायकोला त्यानं तसं बोलूनही दाखवलं होतं. जे मागायला तो हिवाळाभर धीर गोळा करत होता, ते त्याला केव्हाच मिळालेलं होतं, एकदा नव्हे तर दोनदा. आणि तरीही घसा फाटतच होता.

"म्हणजे मी आज मागणार होतो ते..." तो म्हणाला आणि थांबला.

"काय मागणार होतास?"

"अर्धा सूर."

मिझोगुचीनं पहिल्यांदाच वर पाहिलं. हसू येतंय की रडू, हे त्याचं त्यालाच कळलं नसावं.

तोकुरा उठून दारापाशी गेला. आसाहिना बोळात भिंतीला टेकून उभी होती, मोठा गुन्हा केल्यासारखी.

"तू तुझ्या पट्टीत वाजव," तो म्हणाला. "रेकॉर्डच्या. तारा उतरवू नकोस."

"पण तुम्ही?"

"माझ्याच्यानं होत नाही आता." त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे वाक्य सोपं निघालं. "तुमची गाणारी गाईल. मला खाली उभं राहून ऐकायचंय. मी ते कधी समोरून ऐकलेलं नाही."

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांच्या शेवटी तालीम केली आणि दार उघडताच सगळ्यांआधी वाजवलं. लोक अजून येतच होते, छत्र्या ठेवायला जागा शोधत होते. मूळ पट्टीच्या एक सूर खाली, हे आता माहीत असूनही, तोकुरा जपून गायला. त्यांच्या वाट्याची 'बर्फातली भट्टी' त्यांनी पोरींसाठी सोडून दिली होती.

पोरींचा कार्यक्रम संपत आला तेव्हा तिघं मागच्या खांबापाशी उभे होते. मिझोगुचीच्या मानेभोवती टॉवेल होता आणि निवा उद्या पहाटे सोयाबीन वाटायचंय म्हणून जांभया देत होता. आसाहिनानं पहिली तार छेडली. तोकुराच्या अंगावर काटा आला. कौतुकानं नव्हे, नुसत्या उंचीनं. जिना चढून आल्यावर आपण कुठून आलो हे खाली वाकून बघावं तसं झालं. गाणाऱ्या पोरीनं शेवटची किंकाळी फोडली ती नीट वर जाऊन थांबली, आणि समोरचे लोक वेड्यासारखे हात उंचावून ओरडले.

"केवढं उंच आहे हे," तोकुरा म्हणाला. "असलं कुठल्या गाढवानं लिहिलं?"

"तू," मिझोगुची म्हणाला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. त्या ओसरल्यावर मिझोगुचीनं खाली ठेवलेली गिटार उचलली. "पुढच्या महिन्यात ओकायामाला वाजवायला जायचंय. जायचंय ना?"

तोकुरानं गळा चाचपला. डब्यात मुळ्याची एकच फोड उरली होती, ती त्यानं तोंडात टाकली.

"आणखी अर्धा उतरवशील?"

"उतरवीन. पण तारा लोंबायला लागतील, वाळत घातलेल्या लंगोटासारख्या."

"लोंबू देत," तोकुरा म्हणाला, आणि निवाच्या ड्रमच्या पेटीचं एक टोक धरून जिना चढायला लागला.