ठेवणीतला पंप

त्या सकाळी हंबीरराव घाडग्यांना मिळण्यासारखं बरंच होतं. हेड फोरमनची खुर्ची रिकामी व्हायला आली होती. तिच्यासोबत कारखान्याच्या वसाहतीतलं घर येणार होतं. शिवाय 'पेन्शनीत निघालेला हवालदार' म्हणणारी सातारा बाजूची भावकी एकदाची गप्प बसणार होती, हा फायदा वेगळाच. त्या दिवशी चेअरमन लालासाहेब बॉयलर बघायला येणार होते. घालवण्यासारखंही काही असतं, हे हंबीररावांच्या हिशेबात तोवर आलं नव्हतं.

लष्कराच्या वर्कशॉपातून सुटल्यावर, चौऱ्याहत्तरच्या हंगामाला ते इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात पंपांचे फोरमन झाले. बॉयलरला पाणी पाजायला दोन पंप होते. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आलेले, जुळ्या भावांसारखे. हंगामात बॉयलर थांबत नाही, आणि भट्टी पेटलेली असताना पाणी थांबलं तर नळ्या जळतात. म्हणून एक पंप चालायचा, दुसरा तयार राहायचा. एकाला दुरुस्तीला काढायचं तर आधी दुसरा चालू करायचा, पाण्याची धार न तोडता. त्यासाठी नियम साधा होता : आठवडाभर हा, आठवडाभर तो. दोघंही राबते राहिले तरच जुळे.

हा नियम हंबीररावांनी मोडला, पण आळसानं नव्हे, शिस्तीनं. फौजेत शहाणा जवान दाढीचे दोन ब्रश ठेवतो, एक दाढीचा आणि एक इन्स्पेक्शनचा. दुसऱ्याला साबण ठाऊक नसतो. तोच न्याय त्यांनी पंपांना लावला. एक नंबर राबायचा, दोन नंबर ठेवणीत. दोन नंबरला हिरवा रंग, पितळेला लकाकी, अमावस्येला हार नि नारळ. मागल्या खेपेला लालासाहेब बघतच राहिले होते. "हंबीरराव, पंप न्हवं, नवरी बसवलीया तुमी हितं!" खुर्चीची आशा त्या वाक्यावर उभी होती.

सकाळची पाळी लागली आणि एक नंबरच्या बेअरिंगनं कुरकुर सुरू केली. फिटर रहिमाननं हात टेकवला नि झटक्यात मागं घेतला.

"हवालदार, ह्यो दुपार काढत न्हाई. नवरीला उठवा."

"उठवतो की. तेवढ्यासाठीच ठेवलीया."

हंबीररावांनी बटण दाबलं. मोटार हुंकारली, थरथरली आणि फ्यूज उडाला. जतकडचा हंगामी वायरमन बिराप्पा धावत आला, त्यानं नवी तार घातली. पुन्हा तेच. मग रहिमाननं मोठा पाना लावून पंपाचा दांडा फिरवून बघितला. पान्याला अक्षरशः लोंबकळला. दांडा हलला नाही.

"ह्यो कवापासनं फिरवला न्हाई?"

हंबीररावांनी त्याच्या हातातला पाना घेऊन स्वतः जोर लावून बघितला.

"आवं, आत पानी हुतं. बसल्या जागी गंजलाय. तुमी वरनं रंग देत बसला, आन् आत…"

भट्टी विझवायचा हुकूम द्यायला मात्र हंबीररावांनी वेळ लावला नाही. एक नंबर धापा टाकत होता तोवरच भट्टीत उसाचं चिपाड टाकणं बंद झालं. भोंगा वाजला, गाळप थांबलं, आणि फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्या एकामागं एक खोळंबल्या.

रहिमान जवळ सरकला. "आता कारन काय सांगायचं त्ये ठरवा. मोटार जळली म्हना. परवाच बिराप्पानं वायरी बदलल्यात."

रहिमानचाही हिशेब होता. हवालदार वर चढला की पंपांची फोरमनकी त्याच्याकडे यायची. आणि सौदा स्वस्त होता. हंगामी माणसाला काढायला कागदही लागत नव्हता. वाईट एवढंच, की बिराप्पा स्वतःच दोष अंगावर घ्यायला आला.

"फोरमनसाहेब, माझ्याकडनं काय चुकलं का हो?"

"थांब जरा," हंबीरराव म्हणाले. आयुष्यात एवढ्या हळू आवाजात त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

लालासाहेब आले ते भोंग्याचं कारण विचारतच आले; रहिमानचं कारण त्यांच्या कानावर आधीच पडलं होतं. "मोटार गेली म्हनं?"

हंबीररावांनी बिराप्पाकडे बघितलं. तो उत्तराची वाट बघतच नव्हता. कोपऱ्यातली भाकरीची पिशवी उचलून त्यानं खांद्याला लावली होती.

"मोटार बरी हाय, साहेब. पंप गंजलाय. मी त्यो चालवलाच न्हवता."

"मग मागल्या खेपेला मला दावला त्यो?"

"त्यो इन्स्पेक्शनचा हुता."

लालासाहेबांना हसू फुटलं, पण बाहेरच्या गाड्या आठवून त्यांनी ते आवरलं. "खरं बोललासा, लय झाक. पर तुमच्या खऱ्यावर ऊस गाळायचा का आमी?"

पंप मोकळा व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. खुर्ची दुसऱ्या खात्यातल्या माणसाला गेली. हंबीरराव होते तिथंच राहिले, आणि रहिमानही. उरलेला हंगाम तो त्यांच्याशी पंपापुरतंच बोलला. बिराप्पा टिकला, कायम मात्र झाला नाही. रंगावर भाळलेल्या लालासाहेबांना काहीच भुर्दंड पडला नाही. उलट वार्षिक सभेत 'वेळीच गाळप थांबवून बॉयलर वाचवल्याबद्दल' टाळ्या त्यांनीच घेतल्या.

राहिला गाड्यांवरचा ऊस. तो दीड दिवस उन्हात वाळला, काट्यावर हलका भरला, आणि ती घट ज्याच्या त्याच्या नावावर पडली. सगळ्यांत मोठी किंमत मोजली ती त्या गाड्यांवरच्या शेतकऱ्यांनी. त्यातल्या एकानंही तो पंप कधी डोळ्यांनी बघितला नव्हता.