चपटी रिंग

अप्पारावांच्या गच्चीवर वसंताने डिशच्या फीडचा, म्हणजे सिग्नल गोळा करणाऱ्या नळीचा, शेवटचा स्क्रू सैल केला आणि तिच्या तोंडाची चपटी रिंग हातात घेऊन तो हसला. आठवडाभर अख्ख्या गावाचं डोकं फिरवणारं कारण हे एवढंसं होतं, चहाच्या बशीएवढं.

खाली गल्लीत माणसं माना वर करून उभी होती. वादळात अप्पारावांची जुनी जाळीची डिश मोडली, त्यांनी औरंगाबादहून पत्र्याची नवी आणली, आणि तेव्हापासून घरोघरी टीव्हीवर नुसत्या मुंग्या. ना मालिका, ना मॅच. केबल अप्पारावांचीच, त्यामुळे चिडायचं कोणावर हा प्रश्नच होता. तो त्यांनीच सोडवला, झाडाकडे बोट दाखवून. नवी डिश समोरच्या कडुनिंबाकडे तोंड करून उभी आहे, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

कडुनिंब झुंबरबाईचा. तिच्या पत्र्याच्या घराचं आढं त्याच्याच बुंध्याला टेकलेलं, म्हणजे झाड गेलं की घर गेलं. रस्त्याच्या कोपऱ्यावरची ती जागा अप्पारावांनी आधी दोनदा मागितली होती आणि बाईने दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. आता झाडाला दोर बांधून झाला होता. दोघे करवतवाले त्याच झाडाच्या सावलीत बसून तंबाखू मळत होते.

वसंता भोकरदनहून आला तेव्हा झुंबरबाईनेच त्याला पाणी दिलं होतं.

"तू या कामातला माणूस," ती म्हणाली होती. "झाड आडवं येतं असं तू म्हणलास तर मी तोंड उघडणार न्हाई. पण बराबर पाहून सांग."

गावानेही तेच ठरवलं होतं. वसंता म्हणेल ते.

त्याने पिशवीतून दुसरी रिंग काढली, नरसाळ्यासारखी निमुळती. जुन्या डिशचा फीड मधोमध तीन पायांवर असायचा, त्याला चपटी रिंग चालायची. नव्या डिशचा फीड खालच्या कडेशी, दांड्यावर. तीच चपटी रिंग त्याला लावल्यामुळे तो डिशच्या कडेपलीकडे पाहून सिग्नलबरोबर जमिनीच्या उबेची खरखरसुद्धा गोळा करत होता. मुंग्या त्याच्याच. झाडाचा काडीचा संबंध नव्हता. अशी डिश तोंड समोर करून बसते, पण पाहते त्याहून कितीतरी वर.

निमुळती रिंग बसली. गच्चीवर आणलेल्या छोट्या टीव्हीवरचं चित्र आरशासारखं लख्ख झालं. वसंताला मनापासून आनंद झाला.

"अप्पा, झालं काम! झाडाला हात लावायची गरज न्हाई."

अप्पारावांनी वाकून चित्र पाहिलं. मग टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

"गावात लाइन सोडली का?"

"अजून न्हाई."

"बरं केलं. ती जुनी रिंग बसव परत."

"मंग मुंग्या येतील की."

"येऊ दे. झाड पडलं की नवी लाव."

वसंताला आत्ता कळलं. त्याला डिश दुरुस्त करायला बोलावलंच नव्हतं.

"भोकरदनला तुझं दुकान आमच्या मेव्हण्याच्याच गाळ्यात ना?" अप्पारावांनी मायेने विचारलं. "बरं चालून राह्यलं ना?"

वसंताने चपटी रिंग उचलली. खाली झुंबरबाई डोळ्यांवर हात आडवा धरून वर पाहत होती. त्याने रिंग परत खाली ठेवली आणि गावात जाणारी वायर मशीनमध्ये खोचून टाकली.

पहिला आवाज समोरच्या घरातून आला, मग शेजारच्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत. मॅच चालू होती. "आलं! आलं!" करत माणसं घरांकडे पळाली, म्हातारीकोतारीसुद्धा. वसंताचा जीव भांड्यात पडला. झाड उभं होतं आणि चित्र आलं होतं.

अप्पाराव चिडले नाहीत. ते कठड्यापाशी गेले आणि त्यांनी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"समदे आत गेले," ते म्हणाले. "झाड आधी पडलं का चित्र आधी आलं, उद्या कोण सांगणार हाय?"

"मी सांगीन."

"सांग की. कोणाला सांगतो?"

त्यांनी करवतवाल्यांना हात केला. दोघे तंबाखू थुंकून उठले.

गल्लीत झुंबरबाई एकटीच उरली होती. तिने वर पाहून विचारलं, "न्हाई ना रे आडवं येत?"

"न्हाई मावशी! मागं पाहा, मागं!"

तेवढ्यात कोणीतरी षटकार मारला असावा. घराघरांतून एकच गलका उठला आणि त्यात त्याचा आवाज बुडून गेला. वसंता जिन्याकडे धावला. झुंबरबाई मात्र त्याला मघाशी हसताना पाहिल्याच्या भरवशावर तशीच वर तोंड करून उभी होती, आणि तिच्या मागे दोर ताणला जात होता.