दादाची दाढ

माझा मोठा भाऊ चर्चमध्ये पाळक आहे. परमेश्वराच्या हातावर त्याचा पूर्ण भरवसा. माझ्या हातावर मात्र अजिबात नाही, आणि मी दातांची डॉक्टर. म्हणून गालाचा भोपळा होईपर्यंत तो प्रार्थना करत बसला. शेवटी वहिनीने ढकलत ढकलत माझ्या दवाखान्यात आणला, तर दारातूनच म्हणतो, "तसं आता बरंच कमी आहे गं."

"हो ना, दिसतंय," मी म्हटलं. "बस खुर्चीत."

बसला. तोंड उघडलं, पण ते बोलायला. रविवारी आईच्या आठवणीची उपासना होती. दरवर्षी तो मला बोलावतो आणि दरवर्षी मला नेमका त्याच दिवशी दवाखाना झाडायचा असतो. आई महिनोन्महिने तडफडून गेली. मी गुडघे सोलवटेपर्यंत प्रार्थना केली आणि ती गेल्यावर बंद केली. दादाकडे उत्तरं तयारच होती: देवाची योजना, पित्याचं घर, आईची सुटका. ऐकून ऐकून माझे कान किटले.

"या वेळी उपदेशाचा विषय आहे देवाचा हात," तो म्हणाला. "बलवान, आणि तितकाच कोमल. खास तुझ्यासाठी..."

"आ कर."

भूल दिली. गाल बधिर झाला, जीभ जड झाली, अर्धी लढाई तिथेच जिंकले. पण मी पक्कड उचलली आणि विश्वासाच्या या महावीराने डोळे मिटून माझं मनगटच धरलं. माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

"दादा, सोड. दाढ काढायला जोर लागणारच. पण तू असा धरून बसलास तर माझा हात हलका राहणार नाही, मग दुखेल. सोपव की एकदा माझ्यावर!"

हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. त्या दिवशी माझंच वाक्य मला टोचलं. आई गेल्यापासून मीही कुणाचं तरी मनगट असंच आवळून बसले होते, आणि वर तो हात कठोर आहे म्हणून तक्रारही करत होते.

दादाने एकेक बोट सोडलं, अगदी उपकार केल्यासारखं. दाढ निघाली. कापसाचा बोळा ठेवून मी बजावलं, "घट्ट चावून धर. तासभर एक शब्दही नाही." बाहेरून वहिनीचं हसू ऐकू आलं. तिला एवढी शांतता लग्नानंतर प्रथमच मिळत होती.

ही संधी पुन्हा येणार नव्हती. मी विचारलं, "आईच्या वेळी कुठे होता रे तो कोमल हात?"

त्याने सवयीने तोंड उघडलं. बोळा सरकला. तोंड मिटलं. मग तो सुजलेला चेहरा वेडावाकडा झाला आणि दादा हमसून हमसून रडायला लागला. शवपेटीपाशीही त्याचा आवाज कापला नव्हता. याला दुःखच झालं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"तुलाही माहीत नाही ना उत्तर?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"आणि तरी भरवसा आहे?"

त्याने बाहीने डोळे पुसले. मग मान होकारार्थी हलली. त्याने पुन्हा माझं मनगट धरलं, या वेळी अगदी हलक्या हाताने. मलाही रडू आवरेना.

"रविवारी येते," मी नाक पुसत म्हटलं. "पण उपदेश असाच करायचा."