कुठे सांडलं?

मित्रांनो, चौथीच्या वर्गातल्या कपाटात, खडूंचा खोका आणि डस्टर यांच्यामध्ये, पोट चेपलेला एक स्टीलचा पेला ठेवलेला असतो. तो जुना पेला म्हणजे मी. तुम्ही म्हणाल, पेल्याला कसले आलेय आत्मवृत्त? पाणी भरले, पाणी प्यायले, संपले. पण जरा थांबा. पोचा आलेल्या भांड्यालाही चार गोष्टी ठाऊक असतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. आधी मी पत्र्याची नुसती गोल चकती होतो. यंत्राने मला एका दमात खोल दाबले, काठ वळवला आणि पॉलिशच्या चाकावर इतके घासले की मला स्वतःचाच गर्व वाटू लागला. आम्ही सहा भावंडे एकाच खोक्यातून घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी गेलो. पुढे एक भाऊ सहलीत हरवला, एक शेजारी गेला तो गेलाच. असे करता करता पाचही जण पांगले आणि मी तेवढा उरलो.

घराच्या पुढच्या खोलीत त्या घड्याळजींचे टेबल होते. डोळ्याला भिंग लावून ते तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलत. त्यांची मुलगी आठ वर्षांची होती आणि स्वभावाने निव्वळ वादळ. शाळेतून आली की दार धाडकन आपटायची, दप्तर भिरकावायची आणि टेबलावरचे स्क्रू उडून फरशीवर कुठेतरी जायचे. मग बापलेक गुडघ्यांवर रांगत ते शोधत बसायचे. दुसरा कुणी असता तर पाठीत धपाटा घातला असता. घड्याळजींनी मला पुढे केले.

"मला पाणी आणून दे," ते म्हणाले. "काठोकाठ भरून. स्वयंपाकघरापासून इथपर्यंत."

"आणि सांडलं तर?"

"सांडू दे की. फक्त कुठे सांडलं, तेवढं मला सांग."

पहिल्या दिवशी तिने मला निम्मा रिकामा करून आणले. कुठे सांडले, हे काही तिला सांगता येईना. "सगळीकडेच," ती म्हणाली. घड्याळजी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. आठवड्याभराने मात्र ती येऊन म्हणाली, "बाबा, दारापाशी सांडलं. तिथे मला मैत्रिणीशी झालेलं भांडण आठवलं." मग तिने ते सगळे भांडण सांगितले आणि बाबांनी उरलेले पाणी पीत पीत ऐकून घेतले. पेल्यातले वादळ म्हणतात ते हेच असावे, असे मला वाटले. तेव्हापासून रोज शाळा सुटल्यावर हा नेम झाला. दार आपटणे कमी झाले आणि स्क्रू जागच्या जागी राहू लागले.

ती मुलगी मोठी होऊन शिक्षिका झाली. चौथीच्या वर्गाची बाई! वर्गात चाळीस मुले होती आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तिथे कानठळ्या बसत. एके दिवशी बाईंनी मला पिशवीतून वर्गात आणले. रोज पाच मुलांनी मला काठोकाठ भरून वर्गाला एक फेरी घालायची आणि टेबलावर आणून ठेवायचे, असा खेळ सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! एक मूल चाले आणि एकोणचाळीस मुले श्वास रोखून माझ्याकडे बघत. इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

एकदा मुख्याध्यापक दारातून डोकावले. "मुलांना गप्प बसवायची झकास युक्ती आहे ही!" ते म्हणाले. "स्पर्धाच ठेवा ना." बाईंना ते पटले. भिंतीवर तक्ता लागला. ज्याचे पाणी सांडणार नाही, त्याच्या नावापुढे चांदणी. बाबांचा प्रश्न मात्र त्या गडबडीत मागे राहिला, आणि मला बोलता येत नसल्यामुळे मी आठवण तरी कशी करणार?

मुले हुशार असतात. कुणी मला दोन बोटे कमी भरू लागले, कुणी चार. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे म्हणतात, पण आमच्या वर्गात उथळ पाणी अगदी चिडीचूप फेरी मारून चांदण्या पटकावत होते.

एक मुलगी तेवढी मला इमानाने काठोकाठ भरायची. तिच्या पायाला भिंगरी लागलेली म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिच्या पाळीला दर वेळी पाणी सांडायचे. तिच्या नावापुढे एकही चांदणी नव्हती. "गळकी टाकी आली!" असे एक दिवस कुणीतरी म्हणाले आणि वर्ग खो-खो हसला. भिंगरीने मला भिंतीवर फेकून मारले.

माझ्या पोटाला हा पोचा आला, तो त्या दिवशी. लागले मला, खोटे कशाला बोलू? पण तिचा चेहरा पाहून मी माझे दुखणे विसरलो. बाई संतापल्या. "आता हा पेला तुला पुन्हा मिळणार नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला कपाटात बंद केले.

त्यानंतर भिंगरी बाकावर मान खाली घालून बसू लागली. एरवी अखंड बडबडणारी पोर हजेरीलासुद्धा पुटपुटत उत्तर द्यायची. मग तिचे पोट दुखू लागले. पुढच्या आठवड्यात ती आलीच नाही. चौथ्या दिवशी तिच्या आईची चिठ्ठी आली, की पोरगी शाळेचे नाव काढले की रडते, काय करावे ते कळत नाही.

चिठ्ठी वाचून बाईंनी मला कपाटातून बाहेर काढले. संध्याकाळी त्या मला घेऊन वडिलांकडे गेल्या.

"बाबा, एवढा पोचा काढून द्याल?"

घड्याळजी आता थकले होते. हात थरथरत म्हणून भिंग आणि चिमटा कधीच पेटीत गेले होते. त्यांनी पोच्यावरून बोट फिरवले आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. मग ते उठले. मला काठोकाठ भरून स्वयंपाकघरातून चालत आले. पाणी सांडतच होते.

"हे इथे सांडलं, खुर्चीपाशी," ते म्हणाले. "हात थरथरतो, आणि तू बघते आहेस याची मला लाज वाटली." मग त्यांनी विचारले, "तू त्या पोरीला विचारलंस का, कुठे सांडलं ते?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "नाही, बाबा. मी चांदण्या लावत बसले."

"मग पोचा राहू दे. अंगठा छान बसतो त्यात."

दुसऱ्या दिवशी बाई शाळेआधी भिंगरीच्या घरी गेल्या आणि तिला समजावून बरोबर घेऊन आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी तक्ता काढला. आधी त्या स्वतः मला घेऊन चालल्या आणि दारापाशी त्यांनी चांगलेच पाणी सांडले. "इथे सांडलं," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापक येतायत का ते मी बघत होते." मुले हसली. भिंगरीही थोडी हसली. मग तिने मला हातात घेतले आणि खिडकीपाशी तिचे पाणी सांडले.

"कुठे सांडलं गं?"

"खिडकीपाशी, बाई." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "तिथून फाटक दिसतं. आईची दवाखान्यातली ड्यूटी सारखी बदलते. मला न्यायला आई येणार की शेजारच्या काकू, ते मला माहीत नसतं. म्हणून मी बघते."

वर्गात कुणी हसले नाही. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, माझा पेला कधी काठोकाठ भरलेलाच नसायचा."

"बरं झालं सांगितलंस," बाई म्हणाल्या. मग त्या भिंगरीकडे वळल्या. "उद्या पुन्हा तुझी पाळी. खिडकीपाशी थांबत जा. फाटक नीट बघ. बघून झालं की मग पुढे चाल."

दुसऱ्या दिवशी ती खिडकीपाशी थांबली. तिने फाटक बघितले, एक मोठा श्वास घेतला आणि पोच्यात अंगठा रोवून चालू लागली. टेबलाशी आल्यावर दोन थेंब सांडलेच. "हे टेबलापाशी," ती म्हणाली. "पोचले ना, म्हणून!"

त्या शनिवारी बाईंनी मला तिच्याबरोबर घरी पाठवले. तिची आई कामावरून आली ती बूट न काढताच फोनवर बोलत होती. तिचे बोलणे होईपर्यंत भिंगरी थांबली.

"आई, मला पाणी आणून दे ना. काठोकाठ भरून."

आई मला घेऊन निघाली आणि वाटेत माझ्यातले पाणी तिच्या पायावर सांडले.

"कुठे सांडलं?" भिंगरीने विचारले.

आईने मागे वळून ओल्या फरशीकडे पाहिले.

"खिडकीपाशी गं," ती म्हणाली. "मी ड्यूटीला निघते तेव्हा तू तिथे उभी असतेस. ते आठवलं."

मग तिने बूट काढले आणि ती लेकीशेजारी जमिनीवरच बसली. तेव्हापासून ती आठवडाभराची ड्यूटी कागदावर लिहून भिंगरीच्या दप्तरात ठेवते.

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटात असतो आणि रोज दुपारी बाहेर येतो. पूर्वीसारखी चकाकी माझ्यावर राहिली नाही. तुमच्याही घरात एखादा जुना पेला असेल. त्याला टाकून देऊ नका. काठोकाठ भरा, दोन्ही हातांनी धरा आणि सावकाश चाला. कुणाचे सांडले तर त्याला हसू नका, फडकेही लगेच आणू नका. आधी विचारा, कुठे सांडलं? आणि उत्तर यायला वेळ लागला, तर पेला खाली ठेवून त्याच्याजवळ बसा.