वगळलेला पेला

जगभरातल्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांना एकाच मापाने मोजायचे, म्हणजे कोणाचा विकास मागे पडतो आहे ते वेळेवर कळेल, अशी त्या प्रकल्पाची कल्पना होती. मुख्यालय जिनिव्हात, माप एका निळ्या पेटीत, आणि ती पेटी तंजावुरात घरोघर नेण्याचे काम अखिलाकडे. मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही शिकलेल्या अखिलाचा मापांवर विश्वास होता. ती बनवणाऱ्यांवर बेताचाच.

पेटीत प्लास्टिकचा पेला होता. अर्धा भरून मुलाच्या हाती द्यायचा. न सांडता प्यायले की गुण. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका माडीवर जयलक्ष्मीच्या हरिणीने तो घेतला, मान मागे टाकली, पेला कपाळाच्याही वर नेला आणि सगळे पाणी फ्रॉकवर ओतून घेतले.

"ओठ लावून प्यायची नाही ती," जयलक्ष्मी कौतुकाने म्हणाली. "एच्चल होतं ना. आत्तापासूनच सवय लावलीय."

एच्चल म्हणजे उष्टे. अखिला स्वतःही वरून पाणी पीतच वाढली होती.

"जिनिव्हात काय, सगळं घर एकच पेला चाटतं?" आजोबा हनुमंतरावांनी विचारले.

नियमाप्रमाणे गुण शून्य. त्या शून्याने हरिणी रेषेखाली गेली. तिच्या नावापुढे 'पुढील तपासणी आवश्यक' असा शेरा पडला. अखिलाने जिनिव्हाला सविस्तर कळवले की हा प्रश्न इथे मुलाचे हात मोजत नाही, घराची रीत मोजतो. उत्तर अनपेक्षित तत्परतेने आले. पेला या जिल्ह्यापुरता वगळण्यात आला, अखिलाचे अभिनंदन झाले, गुणांची फेरमोजणी झाली. हरिणी रेषेच्या वर आली.

ही बातमी सांगायला अखिला स्वतः गेली. आपले म्हणणे खरे ठरल्याचा आनंद तिला वर्ज्य नव्हता. हनुमंतरावांनी अशोका हलव्याची बशी पुढे केली. हरिणी जमिनीवर ठोकळे रचत होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरात ओट्यावर ताटांची चळत कोसळली. हनुमंतराव दचकले, अखिलाच्या हातून चमचा निसटला. हरिणीने शांतपणे पुढचा ठोकळा ठेवला.

अखिलाने बशी बाजूला सारली. "बोलते किती ही?"

"दोन शब्द," जयलक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली. "घरात तीन भाषा आहेत म्हणून. तूच म्हणालीस ना अक्का, एकेका भाषेत शब्द थोडे वाटतात?"

तिन्ही मिळून मोजा, असे अखिला म्हणाली होती. तिन्ही मिळूनच दोन होते.

"तिला मागून हाक मार."

जयलक्ष्मी मागे जाऊन उभी राहिली. "हरिणी!" मुलगी वळली.

"वळली की!" हनुमंतराव म्हणाले.

"माडी लाकडी आहे, काका. पावलांनी फळ्या हादरतात. जयू, पलंगावर बस, पाय वर घे, आणि तिथून हाक मार."

"आधी नापास, मग पास, आता परत नापास," हनुमंतराव चिडले. "हे शास्त्र आहे की म्युनिसिपालिटी?"

"आधीचं कारण चुकीचं होतं, काका. पण त्या चुकीच्या कारणाने का होईना, ती तपासणीला गेली असती. ते मी थांबवलं." अखिलाचा आवाज कोरडाच होता. "कानात दोष असेल आणि आत्ता कळला, तर तिला भाषा मिळेल. शाळेत जाईपर्यंत थांबलो, तर त्यातली बरीचशी हातची गेलेली असेल."

जयलक्ष्मीने पलंगावर मांडी घातली. प्रथम हळू हाक मारली, मग मोठ्याने, मग "कण्णा" म्हणून लाडाने. हरिणीने शेवटचा ठोकळा चढवला, मनोरा उभा राहिला, आणि शाबासकीसाठी तिने समोरच्या अखिलाकडे पाहिले.

जयलक्ष्मी बराच वेळ पलंगावरून उतरली नाही.

"तो शेरा परत लिही, अक्का," ती शेवटी म्हणाली. "ह्या आजोबांना कागद दाखवल्याशिवाय पटायचं नाही."

"लिहिते. जिनिव्हाची परवानगी मागाहून घेईन. कानाच्या डॉक्टरांकडे मात्र उद्या सकाळीच जायचं."

जयलक्ष्मीने मान हलवली. हनुमंतराव मात्र खुर्चीत बसल्या बसल्या, पाय जमिनीपासून उचलून धरून, नातीला हाका मारतच होते.