ठप्प

तळहातावर घेतला तरी वजन जाणवू नये एवढासा तो छर्रा – शिशाचा, राखाडी, कमरेत आवळलेला, बाहुलीच्या हातात शोभेल अशा डमरूसारखा – गिरीशच्या पँटच्या खिशातून निघून वॉशिंग मशीनच्या झाकणावर घरंगळत गेला, आणि कडेवरून पडायच्या आत मृणालिनीनं त्याच्यावर झडप घातली. मग स्वतःच्याच मुठीकडे बघत उभी राहिली. एवढ्याशा वस्तूला एवढं घाबरायचं? शिसं आहे, हात धुवायला हवेत, कपड्यांबरोबर जायला नको, किती वेळा सांगितलं याला... पण हे सगळं ती वरवर म्हणत होती. आतून तिचे कान भिंतीला लागलेले होते.

ठप्प.

आला. तिनं साबण ओतला, मशीन सुरू केलं.

भिंतीपलीकडे गराज होतं. तिथे गिरीशनं रबराच्या तुकड्यांनी भरलेली एक लोखंडी पेटी ठेवली होती, तिच्यावर कागदाचं लक्ष्य चिकटवलेलं असे, आणि छर्रा त्यातून आरपार जाऊन रबरात रुतला की हा असा आवाज यायचा – बंदुकीचा वाटणारच नाही, कोणी ओली पिशवी ओट्यावर टेकवावी तसा. आवाज आला की ती कामाला लागायची. पोळी लाटायची, ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूट काढून दोन वाक्यं बोलायची. मग हात हळूहळू मंदावत जायचे. पोळी तव्यावर, उलथनं हातात, आणि ती थांबलेली... पुढचा? पुढचा का नाही आला? फोन आला असेल. पाणी पीत असेल. नेम धरायला वेळ लागतो, त्यानंच सांगितलंय, श्वास अर्धा सोडून थांबायचं असतं. मग ठप्प. मग पोळी उलटायची, बहुतेक वेळा करपलेली.

मार्चमध्ये गिरीशच्या कंपनीनं त्याचा अख्खा ग्रुप बंद केला होता. नागपूरहून इथे वाळवंटातल्या चँडलरला आल्यापासून त्यानं दुसरी नोकरी केलीच नव्हती. त्या दुपारी तो घरी आला, शर्ट बदलला, मागच्या अंगणातल्या लिंबाला पाणी घातलं, आळं भरून वाहायला लागलं तरी घालत राहिला. नंतर त्या विषयावर बोलला नाही. ती बोलली. डॉक्टरकडे जाऊन ये म्हणाली. "मला काय झालंय?" तो म्हणाला, आणि इतक्या साधेपणानं म्हणाला की तिलाच आपण काहीतरी अभद्र बोललो असं वाटलं.

आणि मग ते लांबट खोकं आलं. छतावरच्या सोलर पॅनेलखाली कबुतरांनी घरटी केली होती, अंगणभर घाण. वैतागून तीच म्हणाली होती, करा रे कोणीतरी काहीतरी यांचं. मीच म्हणाले होते. "हवेवर चालते गं," खोकं उघडताना गिरीश म्हणाला, "कायद्यानं ही बंदूकच नाही." कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा जरा उजळला होता, म्हणून तिनं मान हलवली. आता तो उजळलेला चेहरा आठवला की ती हलवलेली मान परत घ्यावीशी वाटायची.

एकदा तिनं छर्‍यांचा डबा तांदळाच्या पिंपामागे लपवला. गिरीशनं विचारलं नाही. दोन दिवसांनी दाराशी दुसरा डबा आला. दर रविवारी सिएटलहून नील विचारायचा, "आई, is Baba okay?" ती म्हणायची, "अरे, छंद लागलाय त्याला, मजेत आहे." फोन ठेवल्यावर आपण पोराशी खोटं बोललो की खरं, हे तिला ठरवता यायचं नाही. तो जो एक शब्द होता, तो तिनं आजवर मनातसुद्धा उच्चारला नव्हता. उच्चारला तर तो घरात राहायलाच येईल, अशी काहीतरी वेडगळ भीती.

आज श्रीराम आला तेव्हा अकरा वाजून गेले असतील. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. श्रीराम गिरीशच्या जुन्या टीममधला, आधीच दुसऱ्या ग्रुपमध्ये गेला म्हणून त्याची नोकरी वाचली होती, आणि छर्‍याच्या बंदुकांचं वेड मूळ त्याचंच. तो आला की एरवी मृणालिनी गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडायची. किराणा, लायब्ररी, कुठेही – गिरीशपाशी कोणीतरी आहे, तेवढा वेळ ती मोकळी. आज धुणं पडलं होतं. तिनं चहा केला आणि ट्रे घेऊन गराजमध्ये गेली. कोपऱ्यात कूलर घरघरत होता, तरी भट्टीच ती. नागपूरच्या माणसाला याचं काही नाही.

"तू हलके छर्रे वापरतोयस यार," श्रीराम लक्ष्याचा कागद उजेडाला धरून म्हणत होता, "अंगणातून मारलंस तर वाऱ्यानं बोटभर सरकतात. जड वापर. स्लो जातो, पण सरळ जातो."

"गराजमध्ये कुठलं वारं?" गिरीश म्हणाला.

"पण गराजमध्येच किती दिवस? वहिनी, थँक्यू. हां, ऐक, उद्या सकाळी सुमंतकडे जाऊ. त्याच्या पॅनेलखाली कबुतरांनी उच्छाद मांडलाय, जाळी लावणारा महिनाभर येत नाही. दोघं मिळून क्लिअर करून टाकू."

"तू जा. मी नाही."

"मग घेतलीस कशाला?" श्रीराम हसत तिच्याकडे वळला. "वहिनी, तुम्हाला माहितीये का, तुमच्या नवऱ्यानं आजपर्यंत एक कबुतर मारलेलं नाही. मागे माझ्याकडे आला होता ना, समोर भिंतीवर बसलेलं, स्कोपमध्ये एवढं मोठं दिसतंय. हा नुसता बघत बसला. आणि मग रायफल ठेवून उठलाच!"

"त्याच्या मानेवरचे रंग बघत होतो," गिरीश म्हणाला. कपाकडे बघत.

ती हसली. हसणं भाग होतं. ट्रे घेऊन आत आली आणि सिंकपाशी उभी राहिली. एकही नाही मारलं – केवढं बरं वाटलं ऐकून, हा माझाच गिरीश, झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा... आणि तो बरेपणा नळाखालच्या हातांवरून ओघळून जायच्या आत त्याच्या मागून दुसरं काहीतरी वर आलं. कबुतरांसाठी नाही. मग कशासाठी? कागदाला भोकं पाडायला माणूस सगळा दिवस त्या भट्टीत बसतो? इतके दिवस निदान कबुतरं तरी होती तिच्या भीतीच्या आणि त्या बंदुकीच्या मध्ये. आता मध्ये काहीच उरलं नव्हतं.

श्रीराम गेला. गराजचं मोठं दार कुरकुरत खाली आलं.

ठप्प. जरा वेळानं पुन्हा एकदा, ठप्प.

ती ड्रायरमधले कपडे घडी करायला बसली. टॉवेल. गिरीशचा निळा शर्ट, ऑफिसचा, अजून का धुते मी हा... बाही दुमडली. कॉलर सरळ केली. पुन्हा दुमडली. कूलरची घरघर ऐकू येत होती, फ्रिजची येत होती, रस्त्यावरून गेलेल्या कुठल्याशा गाडीची आली. नेम धरत असेल. पाणी पीत असेल. कागद बदलत असेल... एवढा वेळ लागत नाही कागद बदलायला.

शर्ट तसाच हातात घेऊन ती उठली. बोळातून जाताना तिला वाटलं आपण पळतोय, पण पाय सावकाशच पडत होते. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तिथेच थांबली. उघडलं नाही तर अजून सगळं ठीक आहे. उघडलं नाही तर...

उघडलं.

गिरीश घडीच्या खुर्चीत बसला होता. हात मांडीवर, रिकामे. रायफल समोर बाकावर आडवी पडलेली. मृणालिनी दिसताच तो दचकला, घाईघाईनं डब्यातून छर्रा काढायला लागला, आणि तो त्याच्या हातून सुटून जमिनीवर पडला. अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून दुसरीकडेच बघणारा मुलगा पकडला जावा तसा त्याचा चेहरा झाला.

"मारतच होतो," तो म्हणाला. "आत्ता मारणारच होतो."

"म्हणजे?"

तो वाकून जमिनीवर छर्रा शोधत राहिला. सापडला नाही.

"तू ऐकत असतेस," शेवटी तो म्हणाला. "मला कळतं गं. जरा वेळ गेला की आतलं भांड्यांचं वाजणं बंद होतं. मग मी मारतो. मग पुन्हा भांडी वाजतात. कंटाळा येतो कधी कधी. नुसतं बसावंसं वाटतं. पण तू घाबरशील, म्हणून..."

मृणालिनी त्याच्या जवळच्या रंगाच्या उपड्या बादलीवर बसली. शर्ट अजून हातातच होता. म्हणजे इतके महिने त्या प्रत्येक आवाजाला हा आहे, हा आहे, म्हणून मी धरून राहिले, आणि हा तिकडे मला धरून ठेवण्यासाठी... कोण कुणाची राखण करत होतं?

"गिरीश." तिला तो शब्द आत्ताही जमेना. दुसरे शोधावे लागले. "तुला जगावंसं वाटतंय ना?"

त्यानं लगेच 'हे काय विचारतेस' म्हणावं, चिडावं, अशी ती आत कुठेतरी विनवत होती. तो चिडला नाही.

"सकाळी नाही वाटत," तो म्हणाला. "दुपारनंतर बरं असतं."

बस, एवढंच. ऊन तापलंय म्हणावं तशा आवाजात. तिला हंबरडा फोडावासा वाटला आणि त्याच वेळी, किती विचित्र, कुणीतरी छातीवरून हात उचलल्यासारखंही वाटलं.

"ही श्रीरामकडे देऊन येऊ?"

त्यानं बाकाकडे पाहिलं. "दे," म्हणाला. मग, "आजच दे."

"सोमवारी डॉक्टरांना फोन करू. मी शेजारी बसेन."

त्यानं छर्‍यांच्या डब्याचं झाकण लावलं.

"मी जरा गप्प बसलो तर चालेल?"

"बस ना."

तो खुर्चीत मागे टेकला, डोळे मिटले. शांतता पसरली आणि सवयीनं तिचे कान पुढच्या आवाजासाठी ताणले गेले. तो येणार नव्हता हे त्यांना अजून कळलं नव्हतं. सकाळी नाही वाटत... उद्याची सकाळ होती, परवाची होती, किती सकाळी होत्या. भीती गेली नव्हती. फक्त ती आता भिंतीपलीकडे नव्हती, इथे खुर्चीत होती, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ, घामानं ओली, मंद श्वास घेणारी, आणि मृणालिनी तिच्याकडे बघत बसली, या खेपेला काहीही न ऐकता.