माझ्या झाकणाचा टवका

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर माशांची पेटी समजाल. उंचीला मी वीतभर, रुंदीला जवळजवळ तेवढीच आणि जाडीला चार बोटे. पण माझ्यात कधी मासा पोहला नाही. औषधी मुळ्या खऱ्या की खोट्या हे सांगणारी मी जुनी काचेची पेटी आहे. हल्ली भांडारघरात सर्वांत खालच्या फळीवर असते. अंगावर धूळ आहे, झाकण मात्र नवे आहे. ते नवे का, हेच मला तुम्हाला सांगायचे आहे. गोष्ट फारशी आनंदाची नाही. तरी ऐका.

माझा जन्म भट्टीत झाला. काचेचा लालभडक रस साच्यात दाबून मला आकार दिला. मग एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या काठावर ओली पूड टाकली आणि त्यावर झाकण ठेवून तासभर गोल गोल घासले. काठ आणि झाकण असे जुळले की मधून वाफसुद्धा निसटेना. तो कपाळ पुसत म्हणाला, "झाली जोडी. आता हिला दुसरीचं झाकण चालायचं नाही."

तिथून मी गवतात गुंडाळून एका औषधांच्या कारखान्यात आले. तिथे मुळ्या, साली आणि पाने वाळवून त्यांची चूर्णे करत. आवाराच्या टोकाला एक लहान प्रयोगशाळा होती. एक लांब टेबल, एक मोरी, एक खिडकी आणि कोपऱ्यात काळ्या खोक्यातला निळा दिवा. मुळ्यांचे पोते आले की आधी त्यातली मूठभर मुळी इथे यायची. इथून होकार गेल्याशिवाय बाहेरचे जाते फिरायचे नाही.

तो होकार द्यायच्या बाई. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणे सावकाश. माझी धुण्यापुसण्याची सगळी काळजी घ्यायच्या मावशी. मावशी शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, पण प्रश्न विचारायला त्या कधी लाजल्या नाहीत. माझे काम तुम्हाला त्या दोघींच्याच बोलण्यातून सांगते.

बाई एक काचेची पट्टी घ्यायच्या. तिच्यावर भिंतीला चुना द्यावा तसा पांढऱ्या पुडीचा पातळ थर असे. तळापासून बोटभर वर त्या शिसपेन्सिलीने एक रेघ ओढायच्या.

"पेनानं का नाही हो?" मावशींनी विचारले.

"शाई लबाड असते मावशी. आपली मुळी राहील बाजूला, शाईच वर चालायला लागेल."

मग केसासारख्या बारीक नळीने बाई त्या रेघेवर ठिपके द्यायच्या. एक ठिपका खऱ्या मुळीच्या अर्काचा, बाकीचे नव्या पोत्यातल्या मुळीच्या अर्काचे. माझ्या तळाशी थोडेसे द्रावण ओतलेले असायचे, रेघ बुडणार नाही इतकेच. आत कागदाचे अस्तर असायचे, म्हणजे द्रावणाची वाफ माझ्यात सगळीकडे सारखी भरायची. पट्टी आत उभी केली, झाकण लावले, की द्रावण थरातून हळूहळू वर चढू लागे.

"आपोआप कसं चढतं ते?"

"कपड्याचं टोक बादलीत राहिलं की तो वरपर्यंत ओला होतो ना? तसंच."

"आणि एका ठिपक्याचे चार का होतात?"

"मुळीत पुष्कळ पदार्थ असतात. सगळे एकाच जिन्यानं निघतात. कुणी भराभर चढतो, कुणी दम खात चढतो. जो जिथवर पोचला तिथे त्याचा ठिपका."

मावशींनी गुडघ्यावर हात ठेवला आणि हसल्या. "म्हणजे मी पहिल्या पायरीवरचा ठिपका म्हणायचं."

मावशींचे गुडघे फार दुखायचे. त्यावर त्या याच कारखान्याचे चूर्ण घ्यायच्या, रोज सकाळी आणि संध्याकाळी. शेजारणीने विचारले होते म्हणे, की इतकी वर्षे घेतेस, भीती नाही वाटत? मावशींनी बाईंनाच ते सांगितले होते. "मी म्हटलं, आमच्या बाईंची सही असली की मी डोळे मिटून घेते."

त्या चूर्णाची मुळी साधी आणि गुणाची होती. पण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक मुळी त्याच झुडपांत उगवते. रंग तोच, वास जवळजवळ तोच. खणणाऱ्याची नजर चुकली तर दोन्ही एकाच पोत्यात येतात. त्या दुसऱ्या मुळीत असे काहीतरी असते की ते माणसाची मूत्रपिंडे गुपचूप खराब करते. निळ्या दिव्याखाली खऱ्या मुळीचा मोठा पिवळा ठिपका दिसतो. खोटी मिसळली असेल तर त्याच्या खाली, नखाएवढी जागा सोडून, एक बारीक निळसर ठिपका दिसतो. त्या नखाएवढ्या जागेसाठी माझा जन्म होता, मित्रांनो. अशी किती पोती आम्ही परत पाठवली. बाई माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणायच्या, "शहाणी आहे आपली पेटी."

एके दिवशी धुताना माझे झाकण मावशींच्या हातून निसटले आणि मोरीच्या कठड्यावर आपटले. डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला. मावशींनी तो लपवला नाही. हात पुसून त्या तशाच साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांनी दारात येऊन झाकण वरखाली करून पाहिले.

"एवढंसं तर गेलंय."

"वाफ बाहेर जाईल, साहेब," बाई म्हणाल्या. "नवं झाकण मागवू या."

"सुटं झाकण मिळत नाही. अख्खी पेटी मागवावी लागेल, म्हणजे अर्ज आला, मंजुरी आली. काम अडलंय का?"

"अडलं नाही, पण..."

"मग चालू द्या."

बाईंनी कोपऱ्यावर चंदेरी कागद दुमडून बसवला आणि वर वजन ठेवले. तरी वाफ निसटायचीच. डावीकडचे ठिपके गोल राहीनात. ते खाली ओघळल्यासारखे लांबट दिसू लागले. प्रयोगशाळेत याला शेपूट म्हणतात. पहिल्या वेळी बाईंनी पट्टी टाकून दिली आणि पुन्हा सगळे केले. दुसऱ्या वेळीही केले. पुढे त्या डावीकडे ठिपका देईनाशा झाल्या. आणि पुढे कधीतरी, कडेच्या ठिपक्याला शेपूट दिसली तरी म्हणू लागल्या, "ही आपल्या पेटीची खोड." वर्ष असेच गेले. बाई आळशी नव्हत्या हो. एखाद्या गोष्टीची सवय कशी होते, हे मी अगदी जवळून पाहिले आहे.

मग ते पोते आले. दुपारची वेळ होती, बाहेर जाते थांबून राहिले होते. बाईंनी पट्टी काढली, वाळवली आणि निळ्या दिव्याखाली धरली. पिवळा ठिपका होता आणि त्याला खाली शेपूट होती. पण ती शेपूट मधल्या ठिपक्याला होती. माझा टवका डावीकडे. मधे माझी वाफ कधीच इतकी बिघडली नव्हती. मला ते ठाऊक होते, पण मला तोंड कुठे आहे?

बाईंची पेन्सिल हवेतच थांबली. साहेब दारात उभे होते. "काय झालं?"

"शेपूट आहे."

"पेटीचीच ना नेहमीची?"

बाईंनी पट्टीकडे पुन्हा पाहिले. "पेटीचीच असेल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. थोड्याच वेळात जाते फिरू लागले. त्याची घरघर मला टेबलातून जाणवत होती.

तीन-चार महिन्यांनी मावशींच्या पायांना सूज आली. चपला घालता येईनात. तोंड फुगले. एक दिवस त्या मला धुताना मधेच स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, डॉक्टर विचारतायत काय काय घेता. म्हणून पुडी आणलीय, तुम्हीच चिठ्ठीवर लिहून द्या."

बाईंनी पुडीवरचा क्रमांक वाचला. कपाटातून जुनी वही काढली. त्या क्रमांकाच्या पानावर पट्टीचा फोटो चिकटवलेला होता. बाई किती तरी वेळ त्या मधल्या शेपटीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माझे झाकण उचलून टवका कुठे आहे ते बोटाने चाचपले.

"मावशी, हे चूर्ण आता बिलकूल घेऊ नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा आणि ही पुडी त्यांना दाखवा."

मावशी गेल्यावर बाई मला पिशवीत घालून रस्त्यापलीकडच्या काचवाल्याकडे गेल्या. तो खिडक्यांच्या काचा कापायचा. त्याने माझे माप घेतले, सपाट जाड काच कापली, कडा घासून दिल्या.

"बसली की नाही चापून? एवढंच होतं होय?" तो म्हणाला.

पाव तास लागला, मित्रांनो. पाव तास.

प्रत्येक पोत्यातली थोडी मुळी आम्ही जपून ठेवत असू. बाईंनी ती काढली, पट्टी केली, माझ्यात उभी केली आणि नवे झाकण ठेवले. निळ्या दिव्याखाली शेपूट नव्हतीच. पिवळा ठिपका होता, आणि खाली नखाएवढी जागा सोडून बारीक निळसर ठिपका. बाई शेपूट समजल्या, तो हाच.

साहेब कागद वाचून म्हणाले, "एकाच मुळीचे दोन अहवाल? लोक काय म्हणतील?"

"पहिला चुकला, असं म्हणतील. तसंच लिहिलंय मी, खाली सही करून."

उरलेल्या पुड्या दुकानांतून परत मागवल्या. परत आल्या त्यांची खोकी ओसरीत रचली होती. ज्या पुड्या आल्या नाहीत, त्या कुणाकुणाच्या घरात संपल्या ते मला ठाऊक नाही. बाईंनी नोकरी सोडली. कारखान्याने मोठे यंत्र आणले आणि मला या फळीवर ठेवले.

बाई जाण्यापूर्वी मावशी एकदाच आल्या होत्या, राहिलेले सामान न्यायला. आता आठवड्यातून दोनदा दवाखान्यात यंत्रावर त्यांचे रक्त धुवावे लागते. त्या स्टुलावर बसल्या. बाई उभ्याच होत्या.

"मीच फोडलं ना ते झाकण," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत, मावशी. मी वर्षभर बघत होते. चूक माझी."

"असं नका म्हणू. तुमच्या सहीवर मी..." बाईंनी त्यांचे सामान उचलले आणि दोघी दाराबाहेर गेल्या. एकीला गुडघ्यांमुळे चालवत नव्हते, दुसरीला कशामुळे ते मी सांगायला नको.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या घरात टवका गेलेले, सैल झालेले, गळणारे काहीतरी असेलच. "ते नेहमी असंच करतं," असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबा आणि नीट पाहा. आणि कोणाला सांगितलेत आणि त्याने ऐकले नाही, तर दुसऱ्यांदा सांगा, तिसऱ्यांदा सांगा. मावशींनी एकदाच सांगितले होते. त्यांना वाटले, एवढ्या शिकलेल्या माणसांना पुन्हा काय सांगायचे.